शिडावरची बैठक

मला माणसांच्या पायांची किळस येते. यात लाजण्यासारखं काही नाही. माझा सगळा दिवसच पायांच्या उंचीवर जातो. शिडं शिवणाऱ्यांचं मशीन टेबलावर नसतं, जमिनीत असतं. म्हणजे खाली खड्डा, खड्ड्यात मशीन, मशीनसमोर आपण, आणि मशीनचा वरचा भाग बरोबर जमिनीच्या पातळीला. शीड इतकं मोठं असतं की टेबलावर घेतलं तर लोंबकळतं, ओढलं जातं आणि शिवण वाकडी जाते. जमिनीवर पसरलं की ते आपसूक सरकत सुईखाली येतं. तर मी छातीपर्यंत त्या खड्ड्यात बसलेली असते आणि जो कोणी येईल त्याचा चेहरा दिसायच्या आधी मला त्याचे पाय दिसतात. भेगा, नखांतली माती, बुटात दिवसभर उकडलेली बोटं. शी!

पुण्यात समुद्र नाही, हे मला माहीत आहे. कृपया सांगायची तसदी घेऊ नका, आजवर पुष्कळांनी घेतली आहे. मी नारायण पेठेत वाढले, कपडे बेतायचं शिक्षण घेतलं, मुंबईला शिडं शिवणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागले आणि त्या कामातच अडकले. लग्न करून पुण्याला परत आले ती हे काम सोबत घेऊनच. मुंबईच्या, गोव्याच्या, कोचीच्या होड्यांची शिडं इथं शिवून कुरियरनं जातात, त्यात समुद्राचं काही बिघडत नाही. शिवाय खडकवासल्याला धरणाच्या पाण्यात शर्यती होतात, तिथलीही गिऱ्हाइकं असतात.

गिऱ्हाइकांत दोन जाती. एक हौसेनं फिरणारे. यांची शिडं दुरुस्तीला येतात, आणि पिशवीची चेन उघडली की आतून बुरशी, सुकटीचा वास, पक्ष्यांची घाण आणि एकदा तर उंदरिणीचं अख्खं बाळंतपण निघालं होतं. मालक वर फोनवर विचारणार, ‘दोन दिवसांत होईल ना?’ होईल हो, उंदरीणबाईंची सोय झाली की कळवते. दुसरे शर्यतवाले. हे डोकं खातात, पण निदान कशासाठी खातात ते त्यांना ठाऊक असतं.

माझी जागा वाघोलीत. नगर रस्त्यापासून आत वळलं की माझ्या मोठ्या दिरांचं मंगल कार्यालय आहे. जमीन सासऱ्यांची, दोघा भावांच्या नावावर. खाली हॉल भाऊजींचा, वरचा मजला आमचा, असं घरात बसून ठरलं. वरच्या मजल्यावर मधे एकही खांब नाही. शिडाच्या कामाला अशीच जागा लागते आणि अशी जागा पुण्यात भाड्यानं शोधायला गेलं तर माणूस वेडा होईल. स्लॅबला खड्डा पाडायला अर्थातच भाऊजींनी मनाई केली. मग मी कडेनं वाट सोडून सगळ्या मजल्यावर गुडघाभर उंच लाकडी चौथरा घालून घेतला, त्याच्या मधे मशीनपुरती जागा सोडली आणि वर गुळगुळीत पॉलिश केलं. तिथं चप्पल घालून यायचं नाही, चहा आणायचा नाही, केसांना तेल लावून डोकं टेकायचं नाही. काम झालं तेव्हा भाऊजी बघायला आले. चौथऱ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, ‘वा! स्टेज झकास झालंय.’

तिथंच मला कळायला हवं होतं म्हणतात लोक. मला कळलं होतंच. पण ठरताना एक वाक्य घातलं गेलं होतं, ‘अगदीच अडलं तर वरचा मजला कार्याला वापरू.’ आणि मंगल कार्यालयात अडत नाही असा मुहूर्त कुठला असतो हो? कधी मुलाकडचे जास्त आले म्हणून अडलं, कधी खाली एसी बंद पडला म्हणून अडलं, कधी नुसतं आजीबाईंना पडायला जागा हवी म्हणून अडलं. मी आदल्या दिवशी सगळं गुंडाळून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी लाकडाच्या फटींतून अक्षता टोकरून काढायच्या. एका तांदळाच्या दाण्यानं ताणलेल्या कापडावर केवढा ओरखडा उठतो, हे मी या घरात सांगून सांगून थकले. जाऊबाई ऐकून म्हणायच्या, ‘अगं, अक्षता शुभ असतात.’

तर ती मुलगी. खडकवासल्याच्या धरणाच्या कडेला तिचं गाव. वडील रिक्षा चालवतात. शाळेच्या उन्हाळी शिबिरात ती पहिल्यांदा होडीत बसली आणि मग उतरलीच नाही. एकटीनं चालवायची छोटी होडी, शर्यतीची. मला ती पहिल्या दिवशी आवडली, कारण दारात उभी राहून तिनं आधी पाय पुसले आणि मग विचारलं, ‘ताई, आत येऊ का?’

तिचं काय पणाला लागलं होतं ते सरळ सांगते. खेळाडूंसाठी राखीव असलेल्या जागांतून सरकारी नोकरी मिळते. त्यासाठी मुंबईला समुद्रावर चाचणी होती. पहिल्या तिघींत आली तर नोकरी. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. म्हणजे हीच एक संधी, पुन्हा नाही. घरात पक्की नोकरी असलेलं आजवर कुणीच नव्हतं, आणि तिची आई माझ्याशी फोनवर बोलताना ‘नोकरी’ हा शब्द देवाचं नाव घेतल्यासारखा हळू उच्चारायची. तिचं जुनं शीड फाटून, ठिगळं लावून इतकं सैल झालं होतं की वारा वाढला की त्याचं पोट मागं सरकायचं आणि होडी पुढं जायच्या ऐवजी आडवी व्हायला बघायची.

पोट म्हणजे काय, तेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सपाट शिवलं तर तो मांडवाचा पडदा. शीड हे सपाट नसतं. कापडाचे पट्टे कापताना त्यांच्या कडा किंचित गोलाकार कापायच्या आणि एकमेकांना जोडायच्या. म्हणजे वारा भरला की त्याला बरोबर हवं तिथं, हवं तेवढं पोट येतं. त्या पोटावर होडी चालते. आणि ते पोट टिकतं कशावर? कापडाच्या ताठपणावर. शिडाचं नवं कापड कोऱ्या नोटेसारखं कडक असतं, हातात घेतलं की कुरकुरतं. तो कडकपणा गेला की आम्ही म्हणतो, कापडाचा जीव गेला.

ती अंगानं हलकी, म्हणून तिच्यासाठी मी पोट जरा चपटं धरलं. तिची डोलकाठी किती वाकते ते मोजून त्या बाजूचा गोलावा त्याच मापानं कापला. दुसऱ्या कुणाच्याही होडीवर ते शीड नीट बसलं नसतं. चाचणीच्या आधीच्या शनिवारी सगळं झालं होतं, फक्त डोलकाठीच्या बाजूची शेवटची शिवण राहिली होती. तिनं दोर बदलले होते, म्हणून शिवण घालण्याआधी डोलकाठी पुन्हा एकदा बघावी असं मी ठरवलं. शीड चौथऱ्यावर मोकळं पसरून ठेवलं. शनिवारी खाली फक्त एक साखरपुडा होता, वर काही नाही, असं भाऊजींनी स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. मी दाराला कडी घालून खडकवासल्याला गेले.

माप ठीक निघालं. परत वाघोलीला पोचेपर्यंत रस्त्यानं माझा जीव खाल्ला. जिना चढताना वरून पुरुषांच्या हसण्याचा आवाज आला. वरच्या पायरीला चपला-बुटांचा ढीग. म्हणजे सगळ्यांनी पायातलं काढलं होतं. केवढे ते संस्कार!

आत चौथऱ्यावर तिचं शीड, शिडावर लोड-तक्के, आणि तक्क्यांना टेकून मुलाकडची मंडळी बसलेली. काका, मामा, आत्याचे यजमान, झाडून सगळे. माझ्या मशीनच्या खड्ड्यावर फळी टाकून तिच्यावर पानाचं तबक ठेवलेलं. खाली एसी बंद पडला होता म्हणे. पांढरं स्वच्छ कापड, उंच चौथरा, म्हणजे बैठक घातलेलीच आहे असं हॉलवरच्या माणसांना वाटलं. बैठक त्रिकोणी का, हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नव्हता. एका गृहस्थांनी बासुंदीची वाटी शिडावरच ठेवली होती आणि बोटं तिथंच पुसली होती. दुसरे एक मांडी हलवत बसले होते आणि त्यांच्या पायाचा अंगठा, पिवळट नखाचा, माझ्या शिवणीवरून मागं-पुढं, मागं-पुढं चालला होता. ते मला आजही जेवताना आठवतं आणि घास ठेवावासा वाटतो.

भाऊजी उठून म्हणाले, ‘ही आमच्या धाकट्याची बायको. शिवणकाम करते.’

त्यावर अंगठेवाले गृहस्थ कौतुकानं म्हणाले, ‘अस्सं! म्हणजे ही बिछायत यांनीच शिवली का? छान जाडजूड आहे हो.’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, ‘आपण जरा उठता का? आपण एका मुलीच्या नोकरीवर बसला आहात.’

आधी ते हसले. पुणेरी विनोद वाटला असावा. मी हसत नाही हे बघून मग चेहरे बदलले. भाऊजींनी मला दंडाला धरून बाजूला नेलं आणि दात-ओठ खात म्हणाले, ‘मुलाकडची मंडळी आहेत, माझी अब्रू घालवतेस का?’

‘तुमची अब्रू खाली हॉलमधे ठेवा भाऊजी, तिथं तिला एसी आहे,’ मी म्हणाले. ‘नाही का? बंद पडलाय ना तो?’

मंडळी उठली. कुरकुरत, ‘आम्ही मुलाकडचे’ असं एकमेकांना ऐकवत, पण उठली. मी गुडघ्यांवर बसून शीड इंचाइंचानं तपासलं. बासुंदीचे दोन डाग, हळदीची बोटं, पानाचा एक लाल ठिपका. काही ठिकाणी चुरगळलं होतं. पण डागांमुळे होडी हळू चालत नाही, आणि कापडाचा जीव शाबूत होता. हाताला कुरकुरत होतं. मी अक्षरशः सुटकेचा श्वास टाकला. ते मोठ्या पुठ्ठ्याच्या नळीवर हलक्या हातानं गुंडाळलं आणि मागच्या खोलीत ठेवलं. रविवारी वर लग्नाचं सामान येणार होतं, पुन्हा एकदा ‘अडलं’ होतं, म्हणून शेवटची शिवण सोमवारवर गेली. मंगळवारी सकाळी तिची होडी टेम्पोवर चढायची होती. वेळ होता.

जाऊबाई दारात पदराशी चाळा करत उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या खरंच कळवळल्या होत्या, मी खोटं बोलणार नाही.

‘गं बाई, केवढं खराब केलं मेल्यांनी,’ त्या म्हणाल्या.

‘वहिनी, त्याला कुणी हात लावू नका,’ मी म्हणाले. ‘सोमवारी मी गार पाण्याच्या फडक्यानं पुसून घेईन. बाकी काही करायचं नाही.’

‘नाही गं, कोण कशाला हात लावतंय,’ त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी मी मागच्या खोलीचं दार उघडलं तर पुठ्ठ्याची नळी होती आणि शीड नव्हतं. मला वाटलं चोरी झाली. चोरी झाली असती तर बरं झालं असतं. मी खाली धावले. जाऊबाई हॉलमधे खुर्च्यांचे झगे मोजून घेत होत्या. कार्यालयाच्या खुर्च्यांना पांढरे झगे असतात, टेबलांना पांढरी कापडं असतात, ती दर कार्यानंतर गठ्ठ्यानं लाँड्रीत जातात. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

‘तुझं ते कापडही पाठवलं हो मी,’ त्या म्हणाल्या. ‘मला रात्रभर चैन पडेना. म्हटलं, बिचारीची एवढी मेहनत. त्याला बजावून सांगितलंय, कडक पाण्यातून काढ, डाग राहता कामा नये.’

मी तिथूनच लाँड्रीवाल्याला फोन केला तर तो अभिमानानं म्हणाला, ‘मॅडम, प्रेस चालू आहे.’

ते दुपारी आलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चौकोनी घडी घालून, शर्टाला असतो तसा आत पुठ्ठा घालून. त्याला जाईच्या फुलांचा वास मारला होता. डाग? एकही नाही. पांढरं शुभ्र, दुधासारखं. मी घडी उलगडली आणि ते माझ्या हातांतून खाली ओघळलं. आवाजच आला नाही. उकळत्या पाण्यानं आणि मशीनच्या घुसळणीनं त्यातला सगळा ताठपणा धुऊन काढला होता, आणि जिथं इस्त्री जास्त तापली तिथं कापड आक्रसून शिवणींच्या कडेला चुण्या पडल्या होत्या. होडीचा नंबर चिकटवलेला होता, त्याचे अर्धे आकडे सोलून निघाले होते. नाजूक गोलाव्यांनी आणलेलं ते पोट आता वाटेल तिथं, वाटेल तसं होतं. मला त्या जाईच्या वासानं ओकारी यायला लागली.

मी काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. पुष्कळ बोलले. जाऊबाई रडायला लागल्या. ‘मी काय वाईट केलं? धुतलंच ना?’ भाऊजी आले. त्यांनी शीड उजेडात धरून उलटं-सुलटं बघितलं आणि म्हणाले, ‘अगं, पण डाग गेलेत की! बघ, अगदी नव्यासारखं झालंय. तुला आनंद म्हणून नाहीच कशाचा.’ मी नवऱ्याला फोन लावला. हा हिंजवडीत मीटिंगमधे होता. बाहेर येऊन त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘हे बघ, वहिनीचा हेतू चांगला होता.’

हेतू! या घरात हेतूचं केवढं कौतुक आहे! माणूस तुमच्या मानेवर पाय देऊन उभा असला तरी आधी त्याचा हेतू विचारून घ्यायचा, आणि तो चांगला निघाला तर मानेबद्दल बोलायचं नाही. मला त्या क्षणी त्या सगळ्यांची शिसारी आली. रडणाऱ्या जाऊबाईंचीसुद्धा. जास्तच, कारण आता सगळं घर त्यांना पाणी देत होतं आणि मी दुष्ट ठरले होते.

नवं शिवायचं म्हटलं तर कापड नव्हतं. ते बाहेरच्या देशातून येतं, गठ्ठा संपला होता आणि पुढचा अजून वाटेत होता. ओळखीच्या सगळ्यांना फोन करून झाले. दुसऱ्या शिडांचे तुकडे जोडून बघण्याचाही विचार केला, पण त्या वजनाचं कापडच कुणाकडे नव्हतं.

संध्याकाळी ती शीड न्यायला आली. दारात पाय पुसले. मी एका वाक्यात सगळं सांगितलं, लांबण लावून फायदा नव्हता. तिनं शिडाची कड बोटांत धरून चोळली. मग म्हणाली, ‘यात जीवच न्हाई राहिला, ताई.’

‘नाही,’ मी म्हणाले.

‘वारा कमी असला तर?’

‘कमी असला तरी नाही. जुनं घेऊन जा. ते निदान कसं वागतं ते तुला माहीत आहे.’

तिनं मान हलवली. तेवढ्यात जाऊबाई वर आल्या, डोळे सुजलेले, हातात तिच्यासाठी चहा. कपबशी घेऊन चौथऱ्यावर चढल्या, तेही चपलेसकट, पण त्या वेळी मी काही बोलले नाही. त्या म्हणाल्या, ‘पोरी, माझं चुकलं गं.’ आणि ती मुलगी, जिचं सगळं बुडालं होतं ती मुलगी, म्हणाली, ‘राहू द्या काकू. तुम्ही चांगल्यासाठीच केलं. लई स्वच्छ धुतलंय.’

मला तिचाही राग आला. मनात म्हटलं, ओरड की गं! फेक तो कप! पण असल्या घरात वाढलेल्या मुलींना पहिल्यापासून हेच शिकवलेलं असतं, की दुसऱ्यानं आपलं वाटोळं केलं तर आधी त्याचे डोळे पुसायचे. तिनं उभ्या उभ्या चहा संपवला, बशी विसळून ठेवली आणि गेली.

चाचणी काही दिवस चालली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. सुरुवातीला वारा मंद होता आणि ती दुसऱ्या नंबरावर होती. दुसऱ्या! त्या ठिगळांच्या शिडावर! मला रात्री झोप लागेना. शेवटच्या दिवशी वारा वाढला. शिडाचं पोट मागं सरकलं, होडी वाऱ्याच्या विरुद्ध चढेना. इतर मुली सरळ वर जात होत्या आणि ही लांबच्या लांब हेलपाटे घालत होती. फोन आला तेव्हा मागून बायकांचे आवाज येत होते, कुणीतरी हसत होतं.

ती म्हणाली, ‘चौथी आले, ताई.’

मी म्हणाले, ‘घरी ये.’ दुसरं काय म्हणणार?

घरात बातमी कळली तेव्हा आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. भाऊजी म्हणाले, ‘एवढं काय शिडाचं घेऊन बसलीस? खेळायचं तर हारजीत आलीच. आणि शीड तर आम्ही पदरचे पैसे घालून धुऊन दिलं होतं.’ जाऊबाई म्हणाल्या, ‘मी तर तिच्यासाठी गणपतीला नवस बोलले होते.’ नवरा ताटात बघत भात कालवत राहिला. पुढं पुढं तर ती घरातली गोष्टच झाली. पाहुणे आले की भाऊजी रंगवून सांगायचे, त्रिकोणी बैठक, माझं तोंड, लाँड्रीवाला. शेवटी सगळे हसायचे आणि जाऊबाईंना म्हणायचे, ‘तुमचं मन फार मऊ हो.’ त्या गोष्टीत मुलगी कधीच नसायची. मी एकदा मधेच म्हणाले, ‘आणि ती मुलगी?’ तर भाऊजी विचारात पडले आणि म्हणाले, ‘हो, खरंच. तिचं काहीतरी करायला हवं.’

आणि त्यांनी केलं. मला न विचारता तिच्या वडिलांना फोन केला. हॉलवर माणूस हवंच होतं, पाहुण्यांची व्यवस्था बघायला, बैठका घालून घ्यायला. मला कळलं ते तिला हॉलच्या निळ्या साडीत खाली उभी बघितली तेव्हा. मी तिला विचारलं, ‘तू हो म्हणालीस?’ ती म्हणाली, ‘घरात गरज हाय ना, ताई.’ तिचा होडीचा सराव शनिवार-रविवारी असायचा आणि मुहूर्तही शनिवार-रविवारीच असतात, त्यामुळे होडीचं आपोआपच मिटलं. सगळे नातेवाईक भाऊजींना म्हणाले, ‘बघा, याला म्हणतात माणुसकी. मुलीला नोकरी हवी होती, नोकरी दिली.’ भाऊजी विनयानं हात जोडायचे. त्या जोडलेल्या हातांकडे बघवायचं नाही मला.

परवा मी खड्ड्यात बसून एका मुंबईच्या होडीचं शीड शिवत होते. दारात आधी पाय दिसले. पुसलेले, स्वच्छ. तिचेच होते. ती कडेला थांबली, चौथऱ्यावर चढली नाही.

‘ताई, साहेबांनी सांगितलंय, उद्या खाली माणसं मावायची न्हाईत. वर बैठक घालायची हाय. तेवढं शीड काढून घ्या.’

मी वर तिच्या तोंडाकडे बघितलं. ती कापडाकडे बघत होती, शिवणीच्या रेषेवरून नजर सावकाश पुढं नेत, पोट कुठं धरलंय ते शोधत. मग तिनं लोडांवर घालायच्या पांढऱ्या अभ्र्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला आणि शिडाचं दुसरं टोक धरायला खाली वाकली.